विशेषण कोणाच्या गळ्यात?

दोन गायकांनी किंवा दोन वाद्यवृंदांनी एकच नाव धारण करावे, हा आपल्याकडे फावल्या वेळच्या गप्पांचा विषय समजला जातो. ‘निर्वाणा नावाचे बँड एक नव्हे, दोन, ठाऊक आहे का?’ असे कोणी विचारतो, ऐकणारा भुवया उंचावतो आणि विषय संपतो. २०२० साली अमेरिकेत ‘लेडी ए’ या नावावरून खटला उभा राहिला, तेव्हा मात्र या गप्पांना एक पुस्ती जोडलेली आमच्या कानांवर आली. ‘तिकडे एका नावासाठी कोर्टकचेऱ्या चालतात, आपल्याकडे बाल, सवाई, कुमार, छोटा असे चार-चार गंधर्व होऊन गेले, पण कोणी कोणाला नोटीस बजावली नाही!’ संगीताचे जाणकार म्हणवणारी मंडळी हे वाक्य मोठ्या समाधानाने उच्चारतात. आमचा आक्षेप या समाधानाला आहे. नोटीस कोणी बजावली नाही हे खरे. परंतु नोटीस नाही म्हणून नुकसानही नाही, असा हिशेब ज्यांनी मांडला त्यांनी वहीचे एक पान उघडलेलेच नाही.

आधी तो खटला पाहू. नॅशव्हिल येथील तिघांचा ‘लेडी अँटेबेलम’ हा कंट्री संगीत गाणारा लोकप्रिय समूह. ‘अँटेबेलम’ म्हणजे युद्धापूर्वीचा. अमेरिकेच्या संदर्भात यादवी युद्धापूर्वीचा, म्हणजेच दक्षिणेतील गुलामगिरीचा काळ. मे २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड यांची पोलिसाच्या हातून हत्या झाली, देशभर क्षोभ उसळला, आणि जूनमध्ये या समूहाने जाहीर केले की आपल्या नावावरची गुलामगिरीची छाया आपल्या ध्यानी आली असून यापुढे आपण ‘लेडी ए’ एवढेच नाव लावू. चाहते त्यांना लाडाने तसे म्हणतच असत. त्या संक्षिप्त नावाची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणीही त्यांनी पूर्वीच करून ठेवली होती. अडचण एकच होती. सिॲटलमधील अनिता व्हाइट ही कृष्णवर्णीय ब्लूज गायिका वीस वर्षांहून अधिक काळ ‘लेडी ए’ याच नावाने गात होती. तिला कोणी विचारले नव्हते. मग बोलणी झाली आणि फिसकटली. तिने एक कोटी डॉलर मागितले आणि त्यांतले निम्मे सत्कार्याला देऊ असे सांगितले. जुलैमध्ये समूहानेच न्यायालयात धाव घेतली. मागणी ही, की हे नाव वापरण्याचा आम्हांला अधिकार आहे असे ठरवून द्यावे. सप्टेंबरमध्ये तिने उलट दावा केला. २०२२ च्या आरंभी तडजोड झाली आणि तिच्या अटी गुप्त राहिल्या.

कृष्णवर्णीयांविषयीची कणव प्रकट करण्यासाठी एका कृष्णवर्णीय स्त्रीचेच नाव उचलावे, यातला विरोधाभास तिकडच्या वृत्तपत्रांनी पुष्कळ चघळला. आम्हांला दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. तिने नाव सोडावे असे समूहाने कधीच म्हटले नव्हते. दोघांनीही ते सुखाने वापरावे, असाच त्यांचा उदार प्रस्ताव होता. या औदार्याचा व्यवहारातला अर्थ तिला लागलीच कळला. महाजालावर गाणी शोधणाऱ्याने ‘लेडी ए’ असे लिहिले, की समूहाची गाणी पुढे येत आणि तिची कोठेतरी तळाशी जात. नाव तिच्यापाशीच होते, पण त्या नावाने हाक मारली असता आता दुसरेच कोणी ओ देऊ लागले. ज्याचा भोंगा मोठा त्याच्यापाशी नुसते नाव राहते. दुसऱ्याच्या नावाला शेपूट फुटते. ‘ती सिॲटलची’, ‘ती आधीची’, ‘ती दुसरी’. नाव वाटून घेण्याचा प्रश्न वस्तुतः विशेषण कोणी वागवायचे हा प्रश्न असतो, आणि ते ठरवताना आधी कोण आले याला फारसे महत्त्व उरत नाही.

निर्वाणाचेच पाहा. पॅट्रिक कॅम्पबेल-लायन्स हा आयरिश आणि ॲलेक्स स्पायरोपूलोस हा ग्रीक, अशा दोघांनी १९६० च्या दशकात लंडनमध्ये या नावाने गाणी केली. एका कल्पित नायकाच्या कथेत सारी गाणी ओवलेली त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका १९६७ ची. पुढच्या वर्षीचे त्यांचे ‘रेनबो चेसर’ हे गाणे इंग्लंडात बऱ्यापैकी चालले. वॉशिंग्टन राज्यातल्या ॲबरडीन या लाकूडतोड्यांच्या गावी कर्ट कोबेन आणि क्रिस्ट नोवोसेलिक यांनी आपला बँड उभा केला तो १९८७ मध्ये, म्हणजे वीस वर्षांनी. १९९१ च्या ‘नेव्हरमाइंड’ने त्यांना जगभर नेले. लंडनकरांनी दावा लावला आणि न्यायालयाबाहेर तडजोड होऊन दोघांनाही नाव वापरण्याची मुभा राहिली. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने समसमान. आणि आज कोणताही कोश उघडावा तर कंसात ‘ब्रिटिश बँड’ असा खुलासा जोडलेला सापडतो, तो वीस वर्षे आधी आलेल्यांच्या नावापुढे.

तथापि पाश्चात्त्य व्यवहार सगळाच असा आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९९० च्या दशकाच्या आरंभी इंग्लंड डोक्यावर घेणारा ‘स्वेड’ हा बँड अमेरिकेत गेला, तेव्हा तिथे त्या नावाने गाणारी, त्या मानाने फारच अल्पपरिचित अशी एक गायिका होती. तिने हक्क सांगितला आणि बँडला तिथे ‘द लंडन स्वेड’ व्हावे लागले. ‘बुश’ या इंग्लिश बँडला कॅनडात त्याच नावाचा १९७० च्या सुमाराचा बँड आडवा आला आणि कित्येक वर्षे तिथे ‘बुश एक्स’ म्हणून वावरावे लागले. १९९७ मध्ये जुन्या बँडच्या प्रमुखाने, डॉमेनिक ट्रॉयानोने, धर्मादाय देणग्यांच्या बदल्यात ती शेवटची ‘एक्स’ सोडून द्यायला संमती दिली. इथे विशेषण बलवत्तराच्या गळ्यात पडले. आणि ते कसले, तर एका शहराचे नाव किंवा एक निरुपद्रवी अक्षर. लंडनचे म्हटल्याने कोणी कोणाहून लहान ठरत नाही. या बाबतीत कायदा कितीही रूक्ष असला तरी त्याचे एक आम्ही मान्य करतो: तो दोन नावांत फरक मागतो, तुलना मागत नाही.

आमचे रसिक नेमकी तुलनाच मागत आले आहेत.

हिंदुस्थानी संगीतात एका नावाचे दोघे ही नित्याची गोष्ट, आणि त्यांना वेगळे ओळखण्याची श्रोत्यांची रीतही जुनी. गझल गाणारे गुलाम अली हे पतियाळा घराण्याच्या बडे गुलाम अली खाँसाहेबांचे शिष्य. नावही गुरूवरूनच ठेवलेले. इथे ‘बडे’ हे विशेषण थोरल्याला मिळाले, ठीक. परंतु किराण्याच्या अब्दुल वहीद खाँसाहेबांना, ज्यांच्यापाशी आपल्या हिराबाई बडोदेकर शिकल्या, ऐकू कमी येई म्हणून सारे जग ‘बहरे वहीद खाँ’ म्हणत राहिले. स्वरांचा असा धनी, आणि त्याची खूण काय ठरली, तर त्याच्या कानांचे व्यंग. हे कोणी दुष्टाव्याने केले असे आम्ही म्हणत नाही. प्रेमानेच केले असेल. प्रेमाने केलेल्या गोष्टींचा जाब कोणी विचारत नाही, एवढीच तक्रार आहे.

आता गंधर्वांकडे वळू.

गंधर्व हा शब्द मुळात कोणाच्याही मालकीचा नव्हता. तो देवलोकीच्या गायकांचा. विष्णु दिगंबरांनी १९०१ मध्ये लाहोरला विद्यालय काढले तेव्हा त्याला गांधर्व महाविद्यालय म्हटले. त्यात कोणा एका गायकाची आठवण नव्हती. नारायण श्रीपाद राजहंस या मुलाचे गाणे ऐकून लोकमान्यांनी ‘बालगंधर्व’ म्हटले अशी परंपरा सांगते, तेव्हाही अर्थ तोच होता: हे गंधर्वच, पण वयाने बाल. तुलना होती ती स्वर्गाशी. बिघाड झाला तो पुढे. हा मुलगा १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत आला, १९११ मध्ये भामिनी झाला, १९१३ मध्ये त्याने गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्यासह स्वतःची मंडळी काढली आणि तिला नुसते ‘गंधर्व’ हे नाव दिले. ‘स्वयंवर’ आणि ‘एकच प्याला’ यांनंतर मराठी मुलखात गंधर्व या शब्दाला एकच चेहरा उरला. स्वर्गातला शब्द एका माणसाचा झाला. यात नारायणरावांचा दोष तो काय? इतके मोठे गाणे असल्यावर शब्दाने त्यांच्या मागे जावे हे स्वाभाविकच. पण त्यानंतर ज्या कोणाला ‘गंधर्व’ म्हटले गेले त्याची तुलना स्वर्गाशी राहिली नाही. ती पुण्या-मुंबईच्या रंगभूमीवरच्या त्या एका माणसाशी होऊ लागली.

रामभाऊ कुंदगोळकर नारायणरावांहून दोन वर्षांनी मोठे. त्यांचा जन्म १८८६ चा. अब्दुल करीम खाँसाहेबांकडे वर्षानुवर्षे तालीम घेतलेला हा ख्यालगायक काही काळ रंगभूमीवर आला, आणि अमरावतीला दादासाहेब खापर्ड्यांनी त्यांना ‘सवाई गंधर्व’ म्हणून गौरवले. सवाई म्हणजे सव्वापट. कशाच्या सव्वापट? मोजमाप तर दुसऱ्याचेच. वरच्या पाव हिश्शाने भारावून जाऊन आपण हे विसरतो की या नावातला पूर्ण एक बालगंधर्वांचा आहे आणि रामभाऊंच्या वाट्याला आला तो पाव. ज्याच्या गाण्याचा पिंड किराण्याच्या संथ, स्वरलीन आलापीचा, त्याला नाट्यपदांच्या तराजूत घालून पारडे जड झाले म्हणून टाळ्या वाजवल्या गेल्या. आणि गंमत अशी की त्यांना वेगळे ओळखण्यासाठी कोणत्याही पदवीची गरजच नव्हती. कुंदगोळकर! धारवाडकडच्या आपल्या गावाचे नाव ते वागवीतच होते. लंडनच्या स्वेडला न्यायालयाने जे दिले ते आपल्याकडे जन्मजात मिळत होते. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, अशी गावाची नावे लावून दोघी एकाच घराण्याचे गाणे गायल्या. कोणालाही पाव वा सव्वा म्हणावे लागले नाही.

रामभाऊंना या नावातून सोडवले ते त्यांच्या शिष्याने. १९५२ मध्ये ते गेले. पुढच्याच वर्षी भीमसेन जोशींनी पुण्यात पुण्यतिथीचा उत्सव सुरू केला आणि तो इतका वाढला की आज डिसेंबर आला म्हणजे पुणेकर एकमेकांना विचारतात, ‘सवाईला येणार ना?’ गंधर्व गळाले आणि सवाई उरले. विशेषणाने नामाला गिळून टाकले. मोठा सूड म्हणावा असा हा प्रकार. फक्त त्या मांडवात बसलेल्यांपैकी रामभाऊंची एखादी तरी ध्वनिमुद्रिका ऐकलेले किती, हे आम्ही विचारणार नाही. (बालगंधर्वांचेही निराळे काय झाले? ‘बालगंधर्वला प्रयोग आहे’ या वाक्यात आता माणूस नाही, नदीकाठचे एक नाट्यगृह आहे.)

कुमारांची गोष्ट सर्वांत विलक्षण. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी हे बेळगावजवळच्या सुळेभावीचे, जन्म १९२४ चा. तबकड्या ऐकून थोरथोरांचे गाणे हुबेहूब गाऊन दाखवणारे हे मूल. एका स्वामींनी त्याला ‘कुमार गंधर्व’ ही पदवी दिली. म्हणजे ही पदवी नकलेच्या करामतीला मिळालेली होती. तिच्याखाली चिरडून गेलेली बालके संगीताच्या इतिहासात थोडी नाहीत. कुमार वाचले, कारण त्यांनी ती करामत टाकून दिली. देवधरांकडची शिस्त, मग क्षयाने लादलेली देवासमधली मौनाची वर्षे, माळव्याच्या लोकधुनांचे चिंतन, निर्गुणी भजने. यातून जे गाणे उभे राहिले त्याचे आधीच्या कोणत्याच गंधर्वाशी नाते लावता येत नव्हते. लोक त्यांना ‘कुमारजी’ म्हणू लागले. इथेही विशेषणच नाव झाले, पण या वेळी ते गाणाऱ्याच्या स्वतःच्या कर्तृत्वाने. आणि मग, स्वतःचे नाव स्वतःच्या मालकीचे झाल्यावर, त्यांनी ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा कार्यक्रम केला. त्या शीर्षकातला ‘उमजलेले’ हा शब्द पाहा. नाव समान असलेल्या पूर्वसुरीपुढे त्यांनी नकलाकार म्हणून उभे राहण्याचे नाकारले. ते भाष्यकार म्हणून उभे राहिले. एका नावाच्या दोन कलावंतांत याहून सुंदर व्यवहार आम्हांला जगात कुठे आढळलेला नाही, आणि ज्यांना गंधर्वपरंपरेचा अभिमान मिरवायचा आहे त्यांनी तो या एका गोष्टीपुरता खुशाल मिरवावा.

पण उरले सौदागर नागनाथ गोरे.

हे नाव वाचताच किती वाचकांना चेहरा आठवला? सातारा जिल्ह्यात १९१८ साली जन्मलेला हा मुलगा बालमोहन नाटक मंडळीत आला, अत्र्यांच्या नाटकांतून गाजला आणि ‘छोटा गंधर्व’ झाला. कोवळ्या वयात छोटा म्हणणे समजू शकते. पण १९९७ मध्ये, ऐंशीच्या उंबरठ्यावर, हे जग सोडतानाही ते छोटाच होते. कोणी म्हणेल, बालगंधर्वही एकोणऐंशीव्या वर्षी बालच होते की! इथेच फरक आहे. बाल या शब्दाला मागे कोणी मोठा नव्हता. छोटा म्हणताक्षणी मोठा कोण ते ऐकणाऱ्याला ठाऊक असते. आणि सवाई वा कुमार यांचे जे झाले ते छोट्याचे होणे भाषेतच अशक्य. ‘कुमारजी’ म्हणता येते, ‘सवाईला जातो’ म्हणता येते. ‘छोटाजी’ म्हणून पाहा. आदराचा प्रत्ययच त्याला चिकटत नाही.

बरे, हे छोटेपण गाण्याने सिद्ध झालेले होते काय? बालगंधर्व म्हणजे भामिनी, सुभद्रा, रुक्मिणी, सिंधू. सौदागर गोऱ्यांना रसिकांच्या मनात कायमचे घर मिळाले ते ‘मानापमान’मधल्या धैर्यधराने आणि ‘सौभद्र’मधल्या कृष्णाने. म्हणजे एक ज्या बाजूने रंगमंचावर येई त्याच्या समोरच्या बाजूने दुसरा येई. बालगंधर्वांसमोरचा धैर्यधर म्हणून १९२१ च्या संयुक्त ‘मानापमाना’त केशवराव भोसले उभे राहिले, त्यांना कोणी छोटे म्हटले नाही. गोऱ्यांचा लडिवाळ, नाजूक हरकतींनी नटलेला आवाज, एकाच ओळीला वेगवेगळ्या वाटांनी समेवर आणण्याची त्यांची हौस, ही सर्वस्वी त्यांची मिळकत होती. शिवाय ते रचनाकार. विद्याधर गोखल्यांच्या ‘सुवर्णतुला’ची पदे त्यांनी स्वरबद्ध केली आणि ती आजही गायली जातात. संगीत रंगभूमीचा ओघ आटत चालला असताना तिला नवे स्वर देणाऱ्या माणसाच्या नावापुढे आम्ही मापाचा शिक्का मारून ठेवला, आणि त्याविषयी लिहिताना प्रत्येक वेळी पहिले वाक्य ‘बालगंधर्वांच्या गायकीचा वारसा’ असे सुरू केले. त्यांच्या गाण्यावरची टीपणे चाळून पाहावीत. निम्मी दुसऱ्या कोणाविषयी असतात.

अनिता व्हाइटला न्यायालयात जाता आले, कारण तिच्यावर झाले ते अतिक्रमण होते आणि अतिक्रमणाला कायद्यात नाव आहे. गोऱ्यांना कुठे जाता आले असते? त्यांच्यावर तर सन्मान झाला होता. शाल-श्रीफळासह दिलेली वस्तू परत कशी करायची? ‘हे विशेषण मला नको’ असे म्हणणारा गायक आपल्याकडे कृतघ्न ठरतो, वर त्याने थोराची बरोबरी करू पाहिली असा बोभाटा होतो. नाव देणारे टाळ्या वाजवून घरी जातात. ते वागवायला लागते दुसऱ्याला, साठ-साठ वर्षे.

यावर आमचे काही स्नेही म्हणतील, गाणे चांगले असले की नावाचे काय एवढे! गाणे चांगले असूनही ते शोधण्यासाठी आधी कोणाचे तरी नाव घ्यावे लागते, एवढे उत्तर पुरे. दुसरे काही म्हणतील, ही परंपरा आहे, पदवीत आशीर्वाद असतो. आशीर्वाद द्यायला आमची ना नाही. मुलाला त्याच्या नावाने आशीर्वाद देता येतो. परंतु वाहिन्यांवरच्या बालगायकांच्या स्पर्धांत दहा वर्षांच्या पोराला ‘ज्युनिअर’ अमुक आणि ‘छोटा’ तमुक म्हणण्याची जी अहमहमिका लागते, ती पाहून आशीर्वाद हा शब्द तोंडात येत नाही. हे पोर अजून स्वतःच्या आवाजाला भेटलेलेही नसते. त्याचा आवाज फुटण्याच्या आधीच तो कोणाच्या आवाजासारखा व्हावा हे आम्ही ठरवून मोकळे होतो.

आनंद भाटे यांनाही कोवळ्या वयात ‘आनंद गंधर्व’ केले गेले होते. पुढे ते भीमसेनांकडे शिकले, आणि २०११ च्या ‘बालगंधर्व’ या चित्रपटात नारायणरावांसाठी गायले. म्हणजे एका गंधर्वाने दुसऱ्याचा आवाज व्हायचे, आणि तेही पडद्याआड! त्या गाण्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सरकारी यादीला रसिकता नसते हे बरेच झाले. तिच्यात नुसते ‘आनंद भाटे’ असे लिहिलेले आहे.